पासिंगपुरता सायलेन्सर

ऐंशीच्या दशकात माझा एक जुना ट्रक होता. दिंडोशीच्या खाणीवर खडी भरायची आणि चारकोपला नेऊन ओतायची, कारण तिथे तेव्हा नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. ट्रक माझा, पण चालवायचे दादा. ते माझ्या नात्यातले नव्हते. मालवणकडचे, गिरणी बंद पडली म्हणून चाळिशी उलटल्यावर स्टिअरिंग हातात धरलेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मी खाणीवर खुर्ची टाकून बसायचो आणि स्वतःला शेट समजायचो.

त्या ट्रकचा सायलेन्सर सडला होता. इंजिनातला धूर मागे नेणारा त्याचा पाइप नेमका केबिनखाली फुटलेला, त्यामुळे निम्मा धूर फळ्यांच्या फटींतून थेट दादांच्या तोंडावर यायचा. आम्ही त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने आवळायचो. आठवडा जेमतेम निघायचा.

"नवो बसव रे," दादा म्हणायचे.

"बसवू की," मी म्हणायचो. गाडी एक दिवस उभी ठेवायची म्हटलं की मी बुडणाऱ्या खेपा मोजायला लागायचो.

वर्षातून एकदा मात्र गाडी पासिंगला न्यावी लागे. आरटीओचे साहेब इंजिन रेटून धूर बघायचे, आवाज ऐकायचे, मगच वर्षभराचा कागद मिळायचा. त्यावर खाणीवाल्यांनी एक तोडगा काढला होता आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. ज्याची गाडी पासिंगला, त्याने शेजारच्या चांगल्या गाडीचा सायलेन्सर उसना घ्यायचा. आदल्या दिवशी मेकॅनिकने तो चढवायचा, पासिंग झालं की दुसऱ्या दिवशी उतरवून परत करायचा. लग्नाला जाताना शेजारणीच्या पाटल्या घालून जावं, तसंच ते. उसना सायलेन्सर चढवायला आणि उतरवायला दोन वेळा सवड काढत होतो मी. नवा बसवायला एकदा सवड नव्हती.

एका वर्षी पासिंग करून परत येताना मी दादांच्या शेजारी बसलो होतो. गोरेगाव मागे पडलं. तेव्हा ते म्हणाले, "आज डोळ्यांत पाणी नाय इला."

"झकास चाललीय ना गाडी?"

"हो सायलेन्सर असोच ऱ्हवांदे."

मी हसलो. "दादा, उसना आहे तो. त्याचा मालक आपली वाट लावेल."

तेही हसले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. त्या खोकल्याला मी बिडीचा खोकला म्हणत असे. दिवसाला दोन बिड्या ते ओढायचे, हे खरंच होतं. मला तेवढं निमित्त पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी सायलेन्सर उतरवताना पाना मीच धरला होता.

पुढच्या थंडीत डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि धुरात अजिबात बसायचं नाही म्हणून सांगितलं. दादा भांडले नाहीत. चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "गावाक जातंय. गाडी सांभाळ." मी त्यांना थांबा म्हणालो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

दुसरा ड्रायव्हर लगेच मिळेना, म्हणून मीच चालवायला बसलो. हायवेला लागेपर्यंत डोळे चुरचुरायला लागले. कांदिवलीला डोकं ठणकायला लागलं. चारकोपला खडी ओतली आणि रस्त्याच्या कडेला बसून भडाभडा ओकलो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं एका खेपेत जळलं होतं. दादांनी तशा रोज चार खेपा केल्या होत्या, चार वर्षं.

त्याच दुपारी मी नवा सायलेन्सर बसवून घेतला. उरलेला दिवस गाडी उभी राहिली. खडी दुसऱ्या दिवशी पोचली, तर का उशीर झाला म्हणून कुणी विचारलंसुद्धा नाही.

काही महिन्यांनी दादा औषधपाण्यासाठी मुंबईत आले, तेव्हा मुद्दाम खाणीवर येऊन गेले. चढ चढून दम लागला होता, बराच वेळ दगडावर बसून राहिले. फार वाळले होते. मी गाडी सुरू करून दाखवली. त्यांनी कान देऊन ऐकलं.

"नवो बसवलंस?"

"हो."

"कोण चालवता आता?"

"मीच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "मग बरा केलंस," असं म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, टोमणा नव्हता त्यात. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरून माफी मागितली असती. ती मागायची राहिली, आणि नंतर दादाच राहिले नाहीत.