परक्यांच्या अंगावरचे दाजी

“ह्यांच्या पाठीला पंखं कुणी लावली? आरं सांग की, कुणी लावली?”

अक्का माझ्या दुकानात उभी राहून ओरडत होती, आणि तिचा आवाज म्हणजे शिवाजी पेठेतून सुटला तर रंकाळ्यावरची बदकं उडावीत. सकाळचे अकरा वाजलेले. शेजारचा इस्त्रीवाला गरम इस्त्री कपड्यावर तशीच सोडून दारात आला. त्या शर्टाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी, तिचे मालक, जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षश्राद्धाच्या फलकासाठी फोटो निवडायला ती आली होती. माझा धंदा फ्लेक्सचा: वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं दहा बाय पंधरात. रिकाम्या वेळी मी संगणकावरच्या एका आभासी शहरात हिंडतो. जगभरची माणसं घरबसल्या तिथं येतात आणि कुठलं तरी तयार शरीर अंगावर चढवून फिरतात. ते शहर त्या दिवशी पडद्यावर उघडं राहिलं होतं, आणि त्यातल्या पुलावरून दाजी चालत निघाले होते. तीच मिशी, तोच उतरलेला डावा खांदा, कागल एमआयडीसीत तीस वर्षं लेथपुढं उभं राहून आलेली तीच फेंगडी चाल. फक्त पाठीवर जांभळे पंख.

त्यांच्या मागून आणखी एक दाजी आले. त्यांना शेपूट होतं.

चूक माझी होती, कबूल. दाजी हयात असताना, दोन दिवाळ्यांमागं, मीच त्यांचं थ्रीडी मॉडेल केलं. सांध्यासांध्याला पिवळी चिकटपट्टी लावून त्यांना गल्लीतनं चाळीस फेऱ्या मारायला लावल्या आणि मोबाईलवर चाल टिपली. लोक विचारायचे, “काय ओ, पडला काय कुठं?” दाजी म्हणायचे, “मेव्हणा माप घ्यायलाय. चंद्रावर धाडणार हाय.” मॉडेल असं झालं की दुकानातलं मांजर पडद्यासमोरनं जाताना त्याला वाट द्यायचं. बोटांचा मात्र मी कंटाळा केला. बोटं सुटी करायची म्हणजे आठवडा जातो. चार बोटं आणि अंगठा एकाला एक चिकटवले आणि उलथन्यासारखा पंजा करून मोकळा झालो.

मॉडेल त्या शहरात चढवताना तीन प्रश्न आले. दुसऱ्यांनी वापरलं तर चालेल? बदललं तर? पुढं कुणाला दिलं तर? मी तिन्ही चौकोनांत खुणा केल्या. आमच्या धंद्यात असलं कोण विचारतंय? पांढरा शर्ट आणि जोडलेले हात, असं एक बिनमुंडक्याचं धड माझ्याकडं आहे. त्यावर मुंडकी बदलत मी निम्म्या जिल्ह्याचे वाढदिवस केलेत. ते धड पेनड्राइव्हमधनं गडहिंग्लजला गेलं, तिथनं सीमेपलीकडं गेलं, आणि एकदा भर दुपारी एका अनोळखी चौकातल्या फलकावरनं हात जोडून माझ्याकडंच बघत होतं. मूळचं ते कुणाचं, मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. दाजींच्या बाबतीत मी तेवढी एक अट घातली होती: करणाऱ्याचं नाव पुसायचं नाही.

“वर्षश्राद्धाच्या आत ह्यास्नी तिथनं काढ,” अक्का म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. “परक्यांच्या अंगावर फिराय नकोत ते.”

मी पंखवाल्या दाजींची माहिती उघडली. माझं नाव नव्हतं. शेपूटवाल्यांचंही तसंच. म्हणजे अट मोडली होती, तक्रार करता येत होती. माईक सुरू करून मी पंखवाल्यांना हाक मारली, “काय पावणं, कुठलं?”

दाजी वळले. मिशीखालचं तोंड हललं आणि आतनं एका पोरीचा आवाज आला. “गडहिंग्लज. तुम्ही?”

इस्त्रीवाला जसा आला होता तसा परत गेला.

अक्कानं मला ढकलून माईक तोंडाजवळ घेतला. “बाई, तू कोण?”

“कॉलेजला असते मी. का हो, मावशी?”

“तू माझ्या मालकांच्यात शिरलीयास.”

दाजी हसत उभे. हसू एकच घातलं होतं मी, ते काय जाणार. मग पोरगी चाचरत म्हणाली, “मला फुकट मिळालंय हे. कुणाचं नाव न्हवतं त्याच्यावर. पंख काढू काय?”

“काढ.”

ती बहुधा बटण शोधत असावी. दाजी पुलाच्या कठड्याजवळ नुसते उभे राहिले. पंख गेले. दोन श्वास गेले असतील. दाजींचा उजवा हात उठला, अंगठा बाजूला झाला आणि त्याचं नख कठड्याच्या कडेवरनं सावकाश सरकत गेलं. एका जागी थांबलं. थोडं मागं आलं. पुन्हा गेलं.

ही दाजींची खोड. लेथवर कापलेल्या लोखंडाला बारीक खरखरीत कड राहते, ती ते नखानं तपासायचे. कारखाना सुटला तरी नख सुटेना. ताटाची कड, एसटीच्या खिडकीची कड, लग्नात पाटाची कड. सांगतो ते खरं, नवरीकडच्यांनी तो पाट बदलून दिला होता.

“हे तू करतीयास?” अक्कानं विचारलं.

“न्हाई, मावशी. थांबलं की ते आपापच करतात. मला वाटलं, त्यातच हाय.”

मी माझी मूळ फाईल उघडली. अंगठा बोटांना चिकटलेला होता.

पुढचे चार दिवस मी दुकानात बसून दाजी मोजले. सात सापडले. एक हिरवे होते, एक तीन फुटांचे. थांबले की सातही जण जवळची कड तपासायचे. कुणीतरी अंगठा सुटा करून दिला असेल आणि बाकीच्यांनी तीच नक्कल उचलली असेल, एवढं मलाही समजतं. पण त्याला नखाचं कुणी सांगितलं? एकदा रिकाम्या चौकात एक दाजी उभे दिसले. अंगावर चढवणारा कुठं तरी उठून गेला असावा. ते बाकाच्या कडेवर नख फिरवत होते आणि दर खेपेला एकाच जागी थांबत होते. मी जवळ जाऊन ती जागा मोठी करून बघितली. बाकाच्या दोन तुकड्यांचा सांधा तिथं केसाएवढा चुकला होता.

तक्रार मी पहिल्याच दिवशी धाडली होती. आठवड्यानं ते शहर चालवणाऱ्या कंपनीकडनं एकच प्रश्न आला: या मॉडेलची आणि त्याच्या सर्व हालचालींची निर्मिती तुम्ही स्वतः केली आहे काय? हो म्हटलं की सगळ्या नकला पुसल्या जाणार. नाही म्हटलं की तक्रार कायमची बंद. अनामत गेलेल्या उमेदवारांना मी फलकावर जनतेच्या गळ्यातला ताईत केलंय. एका ‘हो’चं मला काय ओझं? तरी बोट उठेना.

संध्याकाळी अक्काकडं गेलो. ती सोप्यात लसूण सोलत बसली होती. सातही दाजींच्या नखाचं आणि त्या बाकाच्या सांध्याचं सांगितलं, मग मी प्रश्न दोनदा वाचून दाखवला.

“हो म्हटलं तर एकबी राहणार न्हाईत, अक्का. आणि न्हाय म्हटलं तर कोणबी अंगावर घालून फिरंल, पंखं लावून, शेपूट लावून. मग मला कायबी करता येणार न्हाय.”

तिनं हातातली पाकळी सोलून पुरी केली.

“न्हाय म्हण,” ती म्हणाली.