आत्याचा सतरा नंबरचा फॉर्म

माझी आत्या पाच महिने अशा परीक्षेचा अभ्यास करत होती, जिच्या यादीत तिचं नावच नव्हतं.

आणि हे फक्त मला माहीत होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी घरी वंदना झाली. सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलले. मी पाण्याचे ग्लास भरत राहिलो.

शोभाआत्या. पप्पांची मोठी बहीण. सातपूरला आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहायची.

सातवीत तिची शाळा सुटली, कारण आजी कामाला जायची आणि लहानग्या पप्पांना सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पप्पा पुढे आयटीआय झाले. आत्या पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये लागली. द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढायचे. वीस वर्षं तेच.

मग सेहेचाळिसाव्या वर्षी एक दिवस म्हणाली, "रोह्या, मला दहावी करायचीय."

"आता? कशाला?"

"सुपरवायझर व्हायला दहावी लागते. काल आलेली पोरगी मला सांगते, मावशी, कात्री अशी धरा. मला!"

मी खूप हसलो. तीही हसली. पण ती सिरीयस होती.

शाळा सुटलेल्यांना घरी अभ्यास करून दहावीला बसता येतं. त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. तो भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मोबाईलमध्ये सगळ्यात जास्त डोकं माझंच. मी स्वतः बारावी अर्धवट सोडलेला, हे तेव्हा कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तिने शाळेचा ओरिजिनल दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. "हरवलास तर बघ."

हरवला नाही. माझ्या बॅगेत होता.

ती बॅग घेऊन मी हतगडला गेलो. मित्राने नवी बाईक घेतली होती. आणि तो सुरगाण्याकडचा रस्ता एकदा बघाच, वळणावर ढग असे अंगावर...

असो. माझं हे असंच होतं.

आज नाही उद्या करत तारीख गेली. लेट फीची तारीखही गेली.

त्यानंतर एका सकाळी नाक्यावर तिचा टेम्पो उभा होता. मागे कामाला निघालेल्या दहा-बारा बाया. आत्या तिथूनच ओरडली, "रोह्या, भरला का रे फॉर्म?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"भरला."

टाळ्या पडल्या. सखूबाई म्हणाल्या, "आता सायबीण होती ही! आमाला वळख देशील ना गं?"

वाटलं, दोन दिवसांत आत्याला खरं सांगू.

आत्या टेम्पोत पुस्तक घेऊन बसायला लागली. बाया तिला प्रश्न विचारायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यासुद्धा "आता पाठ म्हण" म्हणून मागे लागायच्या.

त्याच दिवसांत मी डोंगरावरचा फोटो टाकला होता. वर लिहिलेलं, 'बदल स्वीकारा, ग्रो करत राहा.'

आत्याने लाईक केलं होतं.

मला वाटायचं, बदल म्हणजे जागा बदलायची. नवं गाव, नवं काम, नवे मित्र. मी सहा कामं सोडली. ती त्याच टेम्पोत, त्याच सीटवर बसून बदलत होती.

फेब्रुवारी आला तरी हॉल तिकीट येईना. मी "येईल, येईल" म्हणत होतो. शेवटी ऐन सीझनमध्ये हाफ डे टाकून, चांगली साडी नेसून ती स्वतः, हे फॉर्म जमा होतात त्या शाळेत गेली. क्लार्कने यादी दोनदा बघितली.

तिथून थेट आमच्या घरी आली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून."

"म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत माझी इतिहासाची उजळणी घेत होतास तेव्हा..."

"हो."

"मी चुकले की ओरडायचास."

बस. दाखला मागितला. मी दिला.

आठवड्याने सखूबाई भेटल्या. "एवढं पुस्तक घिऊन बसायची अन् ऐन टायमाला भ्याली रे तुजी आत्या. सोताच म्हनली, माज्यानं नाय व्हनार."

मी म्हणालो, "हो ना."

हो ना!

नंतर आत्याला विचारलं, असं का सांगितलंस? कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "तुझं नाव घेतलं असतं तर त्या बायांनी तुझ्या आईला रोज टोमणे मारले असते. तू काय, बॅग उचलून चालता झाला असतास."

मग म्हणाली, "यंदा फॉर्म निघाले की मी माझी जाते."

फॉर्म निघायच्या आधी जुलैत तिला डेंग्यू झाला. आठ दिवसांत गेली.

तेव्हा कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, 'परीक्षेची हिंमत झाली नाही, पण माणूस सोन्यासारखं.' त्यावर मी हात जोडलेला इमोजी टाकला.

वर्षभर तो इमोजी मला दिसतोय.

म्हणून सखूबाई, आणि टेम्पोतल्या सगळ्या मावश्यांनो, तुमच्या मुलांनी हे तुम्हाला वाचून दाखवावं. फॉर्म मी भरलाच नव्हता. तुमच्यासमोर खोटं बोललो मी, आणि नंतर भ्यालो तेही मीच. तिचा सगळा अभ्यास झाला होता. मीच घेतला होता, मला माहीत आहे.

आता मला काय बोलायचं ते नाक्यावर बोला. आईला काही बोलू नका.

आत्या, तुझ्या नावावर पडलेला दोष आज माझ्या नावावर घेतोय. उशीर झाला.

मनापासून आदरांजली. जय भीम, आत्या.