आलापल्लीची चंपा आणि आईची गाठ

आधीच सांगते, आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. वडील देवळात गेले तरी त्यांचं अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांवर असायचं. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले. तरीही लिहितेय... कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वडील आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होते. सागाचे ओंडके ओढायला तिथे चंपा नावाची हत्तीण होती. रोज सकाळी कामावर जाताना ती आमच्या क्वार्टरसमोर थांबायची आणि आई तिला तांदळाची भाकर द्यायची. क्षणात भाकर गट्टम!

मी बारा वर्षांची असताना एका सकाळी चंपानं भाकर घेतलीच नाही. सोंडेचं टोक आईच्या छातीला, डाव्या बाजूला, टेकवलं आणि तशीच उभी राहिली. आई लाजून मागे सरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही... नेमकी तीच जागा.

माहूत लिंगूभाऊ खाली मान घालून म्हणाला, "बाई, राग नका मानू. पन हे अशी कोनाच्याच अंगाले लागत नाई. तुमाले तिथी काई दुखते का?"

"नाई जी," आई म्हणाली. पण त्याच दिवशी आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी, न दुखणारी.

तेव्हा बायका असलं दुखणं पदराखाली झाकत, आणि झाकता झाकताच जात. आईनं मात्र संध्याकाळी वडिलांना सांगून टाकलं. लाकडाच्या ट्रकनं आम्ही बल्लारशाला गेलो, तिथून रेल्वेनं नागपूर. ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला.

"कॅन्सरच होता," डॉक्टर वडिलांना म्हणाले. "पण लवकर आलात. काखेत पसरला नसेल तर आशा चांगली आहे. तिथल्या ग्रंथी काढून तपासायला दिल्यात, पत्रानं कळवतो. पसरला असेल तर..."

मग आईला त्यांनी विचारलं, "इतकी बारीक गाठ कळली कशी?"

"हत्तीनीनं दाखवली."

डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर भलतंच काहीतरी लिहिलं.

घरी आलो. वडील रोज पोस्टात चकरा मारायचे. आईला घास जात नव्हता. अशात एका सकाळी, हात धड उचलत नसताना, तिनं भाकर थापली आणि दारात उभी राहिली. चंपा आली. आधी सपाट झालेली छाती हुंगली. मग सोंड काखेत गेली... बराच वेळ तिथेच. वडील चौकट धरून उभे. आणि मग चंपानं भाकर उचलली, तोंडात टाकली आणि चालू लागली!

आई आत आली आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

"अगं, पत्र तर येऊ दे," वडील म्हणाले.

"येईन ना. तुमी वाचजा. मले कळलं."

आठ दिवसांनी पत्र आलं. काख साफ होती. वडिलांनी ते तीनदा वाचलं, मग ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. आई पुढे चाळीसेक वर्षं जगली, गेली ती म्हातारपणानं.

कुत्र्यांना काही आजारांचा वास येतो, असं अलीकडे वाचलं. म्हणजे गाठीचा वास चंपाला आला असेल — मानते. पण काख? ती तर तिनं आधी एकदाही हुंगली नव्हती. डॉक्टरांना जिथली शंका होती, नेमकी तीच जागा तिनं का तपासावी?

लिंगूभाऊला मी तेव्हाच विचारलं होतं. तो हसला. "पोरी, ते मले थोडीच सांगते!"

मलाही अजून कोणी सांगितलेलं नाही.