पोरीचा हट्ट

आमच्या घरात कचऱ्याचे तीन डबे आहेत आणि ते बैठकीतून दिसतात. सोय पाहिली तर त्यांची जागा मागे, मोरीजवळ. पण तिथे ठेवले असते तर आल्यागेल्याच्या नजरेस पडले नसते. हे कारण मी कधी बोलून दाखवलं नाही. बायकोला मात्र ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाहुणे यायचे असले की ती म्हणायची, "डबे पुसून ठेवा, नाहीतर चहा कडू लागायचा."

मी यवतमाळात कॉलेजात इतिहास शिकवतो. सत्कार, शाली, फ्लेक्स आणि कुदळ हातात धरून काढलेले फोटो यांची टिंगल करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. एका वृक्षारोपणात झाडाभोवतीच्या जाळीवरची पाटी रोपापेक्षा मोठी होती, आणि सावली काय ती त्या पाटीचीच पडत होती, हा किस्सा मी स्टाफरूममध्ये अनेकदा सांगितला आहे. आपल्या घरात चालतं ते मात्र तसं नव्हे, ते संस्कार, अशी माझी समजूत होती. मुलीबरोबर शाडूचा गणपती करायचा आणि बादलीत विसर्जन करून ते पाणी जास्वंदीला घालायचं. रविवारी खताचा डबा उपसायचा. हे सगळं आम्ही खरंच करत होतो. फक्त प्रत्येक वेळी एक फोटो निघायचा आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचा.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिने हे सगळं माझ्यापेक्षा गंभीरपणे घेतलं होतं आणि माझ्यापेक्षा गुपचूप. मैत्रिणींच्या वाढदिवसाला ती घरचा पेला पिशवीत घेऊन जायची, त्यातून पाणी प्यायची, आणि कुणाला काही सांगत बसायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला यातलं आवडतं." तिला हट्टी म्हणावं असं मी तिच्यात कधी काही पाहिलं नाही. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून आधीच सांगतो.

माझे थोरले भाऊ घाटंजीजवळच्या आमच्या गावी शेती करतात. मागच्या वर्षी त्यांच्या मुलीचं जमलं. मुलगा लोहाऱ्याच्या कारखान्यात नोकरीला, घर तिथेच. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या गावी करायचं ठरलं. मी लगेच म्हणालो, जेवण पळसाच्या पत्रावळीवर होऊ दे, पत्रावळी माझ्याकडून. आम्ही तिघं मिळून घरी लावू, मुलीलाही एक काम शिकायला मिळेल.

भाऊ म्हणाले, "बापू, तुले जे करायचं ते कर. पण त्यायच्या घरचे लोक नावं ठेवणारे आहेत. एवढा दिवस निभला पायजे."

पत्रावळी लावायला वहिनींनी शिकवलं. त्या लहानपणी लग्नसराईत लावत असत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो तेव्हा त्यांनी मुलीला शेजारी बसवलं, पानावर पान कसं चढवायचं, काडी कुठून घालून कुठे काढायची, ते दाखवलं. मुलगी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसाची पानं तोडून आणायची. एका झाडाची फार तोडायची नाहीत, हा तिचा स्वतःचा नियम. तिची बोटं काड्यांनी टोचून लाल झाली होती. माझ्या पत्रावळी पाहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, याच्यावर जेवाले फक्त कोरडी पोळी वाढा लागंन." मी हसलो, आणि मुलीने लावलेली एक चांगली पत्रावळ हातात धरून फोटो काढून घेतला.

लावलेल्या पत्रावळी आम्ही थप्पी करून, वर दगड ठेवून यवतमाळला आणल्या. साक्षगंध पौषाच्या आधी, म्हणजे मध्ये बरेच आठवडे. थंडीत त्या वाळल्या, कडक झाल्या. मुलीने एक दिवस एक पत्रावळ वाकवून पाहिली, ती मधोमध तडकली.

"बाबा, या फुटतायत."

"जमिनीवर ठेवून जेवायचं आहे. तोपर्यंत पाणी शिंपडू, नरम होतील."

साक्षगंधाच्या दोन दिवस आधी भावांचा फोन आला. मुलाकडच्यांचा निरोप होता की त्यांच्याकडे बऱ्याच जणांचे गुडघे दुखतात, खाली बसणं व्हायचं नाही, तेव्हा जेवण उभ्याने ठेवा. भावांनी टेबलं सांगून टाकली होती. ते म्हणाले, "घाटंजीवरून कागदाच्या प्लेटा आणून ठेवतो. पत्रावळी राहू दे, कवातरी कामी येतीन."

मुलगी माझ्याजवळच बसली होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मोठ्या बाबांच्या गावात मंडळाची स्टीलची ताटं आहेत ना, पेटीभर? ती आणली तर? धुवायची आणि परत करायची. कचरा काहीच नाही होणार."

बरोबर बोलली होती. अडचण इतकीच होती की मंडळाची ताटं सगळ्याच कार्यात असतात. ती पाहून कुणी म्हटलं नसतं की व्वा, हे कुणाच्या डोक्यातून आलं. आणि पत्रावळींचा फोटो ग्रुपवर जाऊन त्याच्याखाली पन्नास अंगठे उमटले होते.

"आपण एवढी मेहनत केली आहे," मी म्हणालो. "दोन-दोन पत्रावळी एकावर एक ठेवू. होईल."

ती "बरं" म्हणाली. भावांना मी फोन करून सांगितलं, प्लेटा आणू नका.

साक्षगंध छान झालं. पुतणीला कुंकू लावलं, ओटी भरली, अंगठ्या झाल्या. मुलगा सारखा रुमालाने कपाळ पुसत होता. मांडवाच्या खांबाला मी सोबत आणलेली एक कापडी पट्टी बांधली होती, 'प्लास्टिकमुक्त साक्षगंध'. हे लिहिताना कान गरम होतात, पण बांधली होती.

मग जेवण. मुलाकडच्यांना आधी वाढायचं म्हणून त्यांची रांग लागली. पत्रावळी पाहून म्हातारी मंडळी खूश झाली. वांग्या-आलूची भाजी, पोळी, बुंदी, इथपर्यंत निभलं. पुढच्या पातेल्यात पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. आमच्याकडचा पातोडीचा रस्सा हा तिखट असतो, लाल असतो आणि पातळ असतो. त्याला ताट लागतं. उभ्या माणसाच्या एका हातावरची, पाणी शिंपडून एकावर एक ठेवलेली वाळकी पानंही त्याला पुरणारी नव्हती.

पहिली पत्रावळ नवऱ्या मुलाच्या आईच्या हातात फुटली. त्यांची मोतिया रंगाची रेशमी साडी होती. छातीपासून निऱ्यांपर्यंत लाल तर्रीचा ओघळ गेला, एक पातोडी पदरात अडकून राहिली. त्यांच्या मागच्याने दचकून आपली पत्रावळ दाबून धरली, तर ती काडीतून निसटली आणि त्याच्या बुटावर भाजी पडली. हळूहळू रांगच थांबली.

वहिनी पाणी घेऊन धावल्या. भाऊ माझ्याकडे पाहत होते, रागाने नव्हे. आता हे कसं सावरायचं ते तू सांग, असं. मुलाचे मामा आपली पत्रावळ दोन्ही हातांनी ओंजळीसारखी धरून उभे होते. मला व्याही म्हणून हाक मारत ते म्हणाले, "इवाई, झाडं वाचवा, बरोबर आहे. पण जेवणाऱ्याचाही विचार करत जा थोडा. का आमी जेवू नये म्हून केलं हे?"

काहीजण हसले. मुलाचे वडील हसले नाहीत. त्यांनी पत्रावळ टेबलावर ठेवली आणि हात पुसायला लागले. बापाने हात पुसले की बाकीचे पुसणार आणि जेवल्याशिवाय उठणार, आणि मग पुतणीच्या नावाने काय काय बोललं जाईल, ते मांडवातल्या प्रत्येकाला दिसत होतं. पुतणी आतल्या दारात उभी होती.

तेव्हा मी हसत हसत म्हणालो, "काय सांगू तुम्हाले, आमच्या पोरीचा हट्ट. शाळेत शिकवतात अन् ह्या घरी येऊन आम्हाले नाचवतात. स्टीलची ताटं घेऊ म्हटलं तर ऐकेच ना."

शेवटचं वाक्य कुठून आलं ते मला माहीत नाही. पहिलं वाक्य पुरलं असतं.

मुलगी पाण्याचा जग घेऊन माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. सगळे तिच्याकडे वळले. तिने माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग जग खाली ठेवून ती मुलाच्या आईसमोर गेली आणि म्हणाली, "काकू, सॉरी. माझ्यामुळे तुमची साडी खराब झाली."

अकरा वर्षांच्या पोरीवर कोण रागावणार? मुलाच्या आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे बाई. साडीच हाये, धुतली का निघते." मामा म्हणाले, "कबूल केलं पोरीनं, मोठं मन हाये." मुलाच्या वडिलांनी रुमाल खिशात ठेवला.

मुलगी तोवर वहिनींना घेऊन मंडळाच्या पेटीकडे गेली होती. दोघी ताटं घेऊन आल्या, बायकोने ती धुतली, पुसली, जेवण झालं. रस्सा सगळ्यांना आवडला. जाताना मुलाच्या आईने माझ्या मुलीला आवर्जून शंभराची नोट दिली. खरं बोलल्याबद्दल.

परतताना गाडी मी चालवत होतो, मुलगी मागे बसली होती. बायको खिडकीतून बाहेर पाहत होती. यवतमाळ जवळ आल्यावर मी आरशातून मागे बघत म्हणालो, "मी तसं का म्हटलं, तुला कळलं ना?"

"हो."

"मग तू का नाही सांगितलंस, की..."

"ताईचं मोडलं असतं."

बायको म्हणाली, "पुढे बघून गाडी चालवा."

त्यानंतर घरात काही बिघडलं असं म्हणता येणार नाही. खताचा डबा रविवारी उपसला जायचा, फक्त मी उठायच्या आत. मी मोबाइल काढला की मुलीला काहीतरी आठवायचं आणि ती आत जायची. तिचं माझ्याशी वागणं आधीसारखंच होतं. नीट, थोडं जास्तच नीट. पाहुण्यांशी वागतात तसं.

मी भावांना फोन केला. म्हटलं, तुमच्या विहीणबाईंना खरं काय ते सांगतो.

"आता कायले उकरून काढतं?" भाऊ म्हणाले. "ते लोक तिचं कौतुक करून राह्यले. तुह्यं सांगून होईन काय? तुले बरं वाटंन, इतकंच नं?"

इतकंच होतं. तरी मी ठरवलं की लग्नात सांगायचं, समोरासमोर, मुलीच्या देखत.

लग्न वैशाखात लोहाऱ्याला झालं. मुलाकडच्यांनी माझ्या मुलीला लगेच ओळखलं. मुलाची आई तिला हाताला धरून बायकांच्या घोळक्यात घेऊन गेली. "हे पाहा, हेच ते पत्रावळीवाली. आज नाही न आणल्या बाई?" सगळ्या हसल्या. मुलगीही हसली, आता तिला सवय झाली होती त्या तऱ्हेने.

मी पुढे झालो. म्हणालो, "ताई, एक सांगायचं राहिलं होतं. त्या पत्रावळी माझ्या डोक्यातून निघाल्या होत्या. हिने उलट स्टीलची ताटं घ्या म्हटलं होतं. मीच ऐकलं नाही, आणि नाव हिच्यावर घातलं."

मग त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला.

"राहू द्या जी इवाई," त्या म्हणाल्या. "लेकराले किती पाठीशी घालसान? आम्ही कुठं राग धरला?" आणि बाजूच्या बाईकडे वळून, "पाह्य, बाप असा पायजे. पोरीचं सगळं आपल्या अंगावर घेते."

मी म्हणालो, "नाही, खरंच सांगतोय..." पण त्या माझा हात थोपटत होत्या, आणि बाजूची बाई मान हलवत माझ्याकडे ज्या आदराने पाहत होती तसं माझ्याकडे कॉलेजात कधी कुणी पाहिलेलं नाही. मामा कुठून तरी आले आणि त्यांना तो प्रसंग पहिल्यापासून सांगण्यात आला. त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला.

मी मुलीकडे पाहिलं. ती सगळं ऐकत होती. घोळका पांगल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पुन्हा नको सांगू, बाबा. दर वेळी तूच चांगला होतोस."

मग ती जेवायला गेली. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. माझ्याकडे पाहून अजून कुणीतरी नमस्कार करत होतं, तो घेतला.