ऐरणीचे तीन बार

हायरम कॉफेल्टने आयुष्यात एकदाच तुरुंग पाहिला, बाविसाव्या वर्षी, चोरट्या दारूभट्टीपायी. सुटताना त्याला बजावलं होतं, मरेपर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. पंचेचाळीस वर्षं त्याने लावला नाही. टेनेसीच्या त्या डोंगरात पाळण्याशेजारीसुद्धा बंदूक टांगलेली असते, आणि हा लोहार हरणांच्या शिकारीच्या मोसमात घरी बसून नाल ठोकायचा. लोक हसायचे. हसोत बापडे!

पण ऐरण म्हणजे बंदूक? आता या अकलेला काय म्हणावं!

कॉफेल्टांच्या घरात माणूस गेलं की ऐरणीचे तीन बार काढतात. एक ऐरण उलटी ठेवायची, तिच्या बुडाच्या खळग्यात बंदुकीची काळी दारू भरायची, वर दुसरी ऐरण सुलटी. वात पेटवायची आणि पळत सुटायचं. वरची ऐरण झाडाच्या शेंड्यापर्यंत जाते आणि धप्पकन खाली येते. हायरमच्या बायकोला, ओर्लीनाला मूठमाती दिली त्या दिवशी पहिला बार निघाला आणि नवा हवालदार ब्रेडन बेड्या घेऊन हजर! दोन बार राहिले ते राहिलेच. वरची ऐरण पुरावा म्हणून जप्त झाली. ब्रेडनसकट चौघांनी मिळून उचलली, तरी एकाची कंबर लचकलीच.

कोर्टात सरकारी वकील म्हणाला, "स्फोटाच्या जोरावर वस्तू फेकणारं हत्यार म्हणजे बंदूक, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. पण म्हातारा दुःखात आहे. पुन्हा बार काढणार नाही असं लिहून द्यावं आणि घरी जावं. नाहीतर सहा वर्षं."

"बाबा, सही करा हो," मुलगी डेला कानाशी पुटपुटली. "आत मराल तुम्ही."

सहा वर्षांनी आपण काही परत येत नाही, हे हायरमलाही कळत होतं. पण ओर्लीनाचे दोन बार? त्याने कागद मागे सरकवला.

"जजबाई, ही बंदूक आहे ना? मग या पोराला म्हणावं, माझ्यावर रोखून दाखव!"

सगळे हसले. जजबाई हसल्या नाहीत. "ब्रेडन, रोखा."

ब्रेडनने जमिनीवरच्या ऐरणीला मिठी मारली. कान लाल झाले, मानेच्या शिरा फुगल्या, ऐरण तसूभर हलेना.

"अरे, नळी कुठल्या बाजूला ते तरी ठरव!" हायरम ओरडला.

जजबाईंनी कायदा पुन्हा वाचला. "आधी ते हत्यार असावं लागतं, वकीलसाहेब. ही नाल ठोकायला घडवलीय. खटला रद्द. कॉफेल्ट, तुमची ऐरण घेऊन जा."

"मी का नेऊ? ज्याने उचलली त्याने आणून द्यावी. आणि घरी नाही, कबरीपाशी."

दुपारी त्याच चौघांनी ती टेकडीवर चढवली. दुसरा बार झकास निघाला. तिसऱ्याला मात्र वारा सुटला, म्हाताऱ्याची काडी दोनदा विझली. ब्रेडनने न सांगता टोपी काढली आणि वारा अडवला. वात पेटली.

"पळ आता," हायरम म्हणाला. "बंदूक नाही ही, पण डोक्यात पडली तर कायदा विचारत बसणार नाही."

तिसरा बार निघाला. मग मात्र म्हातारा मोठ्याने रडला.