रुमालाखालचा उन्हाळा

नव्वदच्या दशकात मी पाथर्डीच्या बाजारात बैलांचा व्यापार करायचो. आमच्यात सौदा चारचौघांत बोलून होत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही.

त्या वर्षी मला पक्षाकडून पंचायत समितीची उमेदवारी हवी होती. आधी एकदा डावललं होतं. सतरंज्या मी उचलायच्या, गाड्या मी पुरवायच्या आणि खुर्ची पुढाऱ्याच्या भावकीत. या खेपेला सोडायचं नाही, असं ठरवलं होतं.

गावच्या शाळेत कॉलेजातल्या एका सरांचं भाषण होतं. धुरामुळं पृथ्वी तापत चालली आहे, पाऊसपाणी बिघडणार आहे, असं ते सांगत होते. सर पडले विरुद्ध पक्षाचे. आमच्या पुढाऱ्यांनी मला कोपरानं ढोसलं. "उठा की! आपले कारखाने बंद पाडायचा परदेशी डाव आहे हा."

मी उठलो. "सर, आमच्या आज्याला काय घाम येत नव्हता? ही थाप तुमच्या पक्षाच्या लोकांना सांगा!"

आमच्या माणसांनी टाळ्या पिटल्या. ज्यांना सरांचं निम्मंही कळलं नव्हतं, ती त्यांच्या बाजूची माणसं आमच्यावर ओरडू लागली.

तेवढ्यात मागून एक शेतकरी उभा राहिला. त्याच सकाळी मी त्याचा बैल घेतला होता.

"शेठ, सकाळी रुमालाखाली हात घालून तुमीच म्हनला, उन्हाळा दरसाल वाढतोय, चारा शिमग्याआधीच सरतोय, बैल ठिवून काय करनार? तवा पृथ्वी तापली हुती, आन आता गार झाली व्हय?"

सगळी शाळा हसली. सगळ्यांत मोठ्यानं आमचे पुढारी. "खाली बस!" मी शेतकऱ्यावर ओरडलो, पण आवाज चिरकला. सकाळी मी खोटं बोललो नव्हतो, हेच जास्त झोंबलं. हाडं निघालेली जनावरं दरसाल लवकर बाजारात येत होती. माझा धंदाच त्यावर चालला होता.

उमेदवारी पुढाऱ्यांच्या पुतण्याला मिळाली. तो राग अजून आहे, आणि राहणार.

पुढच्या बाजारी तोच शेतकरी जोडीतला दुसरा बैल घेऊन आला. माझ्या हातावर रुमाल टाकून म्हणाला, "बोला शेठ, आज ऊन हाय का न्हाई?"

त्याच्याकडं बघवेना. त्यानं आत बोटं दाबून भाव सांगितला. घासाघीस न करता मी मान डोलावली.