गिरजाच्या दातातली लवंग

हे म्या आजवर कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, लेकीला न्हाई. तुला काहून सांगून राहिले — मलाच कळंना. बस जरा.

निजामाचं राज्य व्हतं तव्हाची गोष्ट. डोंगरकडा आमचं गाव. तिथं माह्या धाकट्या दिराचं लग्न झालं अन् गिरजा घरात आली. देखणी, हसरी. जो तो तिचंच कौतुक करायचा — अन् मी? मी थोरली जाऊ, राबून काळी पडलेली. जळले मी. सरळच सांगते.

लग्नानंतर लवंग तोडायचा खेळ मांडला. लवंग तिच्या दातात, अर्धी दिरानं आपल्या दातानं तोडायची. बाया हसून राहिल्या. मी तिच्या मागं. ऐन वेळी म्या तिच्या कमरेला चिमटा घेतला — चेष्टेतला न्हाई, जोराचा. तिनं दचकून श्वास आत ओढला. अस्सा ठसका लागला, डोळे पांढरे केले पोरीनं. पाणी पाजल्यावर ठसका थांबला. समद्यांना वाटलं, लवंग गिळली. मलाबी — तव्हा.

मग खोकला लागला. जाईचना. ताप, घाण वासाचा बेडका, अंग वाळत चाललेलं. हिंगोलीहून डॉक्टर आणला. त्यानं नळी लावून दोन्ही अंगांनी ऐकलं, पाठीवर बोटं वाजवली. म्हणाला, "उजवीकडंच शिट्टी वाजते. क्षय वाटतो, पण... पोरी, खाताना कधी ठसका लागला होता का? आत काही अडकलं असेल, तर हैदराबादला नळी घालून काढता येतं."

सासूसमोर, परक्या माणसाशी नवी सून बोलंल का? तिच्या वतीनं थोरल्या जावंनं बोलायचं, ही रीत. गिरजानं पदराआडून माह्याकडं पाहिलं. तिला आठवत व्हतं. मलाबी.

म्या म्हणलं, "न्हाई डॉक्टरसाब. ठसका-बिसका काही न्हाई."

खरं बोलले असते तर काय झालं असतं? आत्याबाई — सासूला आमी आत्याबाई म्हणायचो — चार शब्द बोलल्या असत्या. एवढंच. एवढ्यासाठी —

क्षय ठरला. तिला मागच्या खोपीत ठेवलं. ताट दुरून सरकवायचं. वर्षभर खोकली. एक दिवस भाकर घेऊन गेले, तर रक्ताच्या गुळणीत काळं काही पडलेलं. बोंडासकट लवंग. गिरजानं ती पदरानं पुसली अन् माह्या हातावर ठेवली. त्याच आठवड्यात गेली.

ती जित्ती असतानाच म्या ती लवंग चुलीत टाकली. आत्याबाईंनी विचारलं, "काय टाकलंस गं?"

म्या म्हणलं, "कचरा."